ब्याऐंशी किलो वह्या

मित्रांनो, तुम्ही ज्या तराजूवर भाजी घेता, तसा मी नाही. सोनाराच्या काचेच्या पेटीत बसणारा नाजूक तराजू तर मी मुळीच नाही. मी एक जुना, माणूसभर उंचीचा, केळी तोलणारा तराजू आहे. माझी दांडी लोखंडाची, साखळ्या बोटभर जाड आणि पारडी सागाच्या फळ्यांची. एका पारड्यात मोठा माणूस मांडी घालून आरामात बसू शकतो. हे मी मिरवायला सांगत नाही. माझ्या आयुष्यात पुढे जे घडले, ते यामुळेच घडले.

माझा जन्म दोंडाईच्याचा. छगन मिस्तरींनी तिथल्या भट्टीत माझी दांडी ठोकून काढली. दोन वर्षे मी तिथेच मिरचीची पोती तोलली. मिरचीच्या ठसक्याने सगळा बाजार शिंकत असे. मला नाक नाही म्हणून मी वाचलो. मग एका मालट्रकमधून मी चोपड्याजवळच्या या गावी आलो आणि हिलाल नानांच्या हाती पडलो. नाना तेव्हा नाना नव्हते. पंचविशीचे, काटक, कमी बोलणारे मापाडी होते. शेतकऱ्याची केळी व्यापाऱ्याला जाण्याआधी तोलायची आणि वजन मोठ्याने सांगायचे, हे मापाड्याचे काम. शेतकऱ्याला वाटते, वजन कमी सांगितले. व्यापाऱ्याला वाटते, जास्त सांगितले. दोघांच्या मध्ये मापाडी उभा.

नाना उभे राहिले, ते चाळीस वर्षे. माझा काटा स्थिर होईपर्यंत ते कोणाशी बोलत नसत. काटा थांबला की आधी आकडा आणि मग "बरोबर" एवढा एक शब्द. नाना "बरोबर" म्हणाले की शेतकरी पागोटे सारखे करी, व्यापारी पान खाई, आणि माल गाडीत चढे. त्या शब्दावर कोणी पुन्हा तोलून पाहिल्याचे मला आठवत नाही. लोक माझी स्तुती करत, "काटा असावा तर असा." पण मित्रांनो, खरे सांगायचे तर ती स्तुती निम्मी नानांची होती. आम्हा तराजूंना फक्त जड आणि हलके कळते. खरे आणि खोटे माणसाला बघावे लागते.

पुढे विजेचे काटे आले. लाल आकडे चमकवणारे, चपटे, कोणाच्याही हाती चालणारे. नानांनी मला गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये टांगून ठेवले. एका पारड्यात कोंबडी अंडी घालू लागली. दुसऱ्याचा झोका झाला. नानांची नात गार्गी त्यात बसून झुले घेई. तिची आई कोकिळा आधी साखळीची एकेक कडी चाचपून बघे, फळी हलवून बघे, स्वतः एक पाय देऊन बघे, मगच पोरीला बसू देई. कोकिळा धुळ्याकडची, बी.एस्सी. झालेली. मुलीच्या डब्यापासून गावाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्याची तिला काळजी. तिचा नवरा, म्हणजे नानांचा मुलगा योगेंद्र, तिला चिडवी, "तुला झोप तरी खात्री करून येते का गं?" ती म्हणे, "तुम्ही करत नाही, म्हणून मला करावी लागते."

योगेंद्रला राजकारणाची आवड होती. राज्यातल्या एका मोठ्या पक्षाचा तो कार्यकर्ता. सतरंज्या उचलून झाल्या, पत्रके वाटून झाली; आता पंचायत समितीचे तिकीट मिळेल, अशी त्याला आशा होती. त्याचे पुढारी म्हणजे पक्षाचे तालुकाध्यक्ष प्रेमराज भाऊ. दिवाळीनंतर एके सकाळी हे प्रेमराज भाऊ आमच्या शेडमध्ये आले. कोंबडीला हुसकावून त्यांनी माझ्या दांडीवरून हात फिरवला.

"नाना, आमच्या पक्षाच्या मोठ्या साहेबांचा वाढदिवस आहे. त्यांची वहीतुला करायची. एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात वह्या. वह्या आपल्या गावच्या शाळेला."

"इजेना काटा शे ना," नाना म्हणाले. "तेनावर बसाडी द्या."

"त्याच्यावर बसवलं तर फोटोत काय दिसेल, नाना? एक माणूस उभा आणि एक आकडा. त्याला तुला म्हणतात का? तराजूच पाहिजे, आणि तोलायला तुम्हीच पाहिजेत. तुमच्या शब्दावर लोक हात सैल सोडतात."

तसेच झाले. योगेंद्र पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरला. केळीवाले, ट्रॅक्टरवाले, किराणावाले, शेतमजूर, सगळ्यांनी दिले. पावतीवर छापले होते : 'साहेबांच्या वजनाइतक्या वह्या, गावच्या शाळेसाठी.' लोक विचारत, "तोलणार कोण?" योगेंद्र सांगे, "नाना." मग पन्नास देणारा शंभर देई. असे एकशे अठरा पावत्यांचे जवळपास पंधरा हजार रुपये जमले.

मला घासूनपुसून लख्ख केले. साखळ्यांना झेंडूच्या माळा बांधल्या. शेडमधल्या अंधारातून मी एकदम मांडवात आलो. खोटे कशाला बोलू, मला फार बरे वाटले.

साहेब माझ्या पारड्यात बसले. समोरच्या पारड्यात सोनेरी कागदात गुंडाळलेले, सुतळीने करकचून बांधलेले गठ्ठे चढू लागले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. केळी तोलताना नानांचा एक रिवाज होता. झाकलेला, बांधलेला माल ते कधी तोलत नसत. पोते असले तर तोंड सोडून हात घालत. घडावर पाने गुंडाळली असली तर पाने काढत. त्या दिवशीही पहिला गठ्ठा येताच त्यांचा हात सवयीने सुतळीच्या गाठीकडे गेला.

प्रेमराज भाऊ हसत हसत जवळ आले आणि हळूच म्हणाले, "नाना, ही काय केळी आहेत का? साहेबांसमोर गठ्ठे फोडायचे? शोभत नाही."

नानांनी एकदा मांडवाकडे बघितले. फुले, कॅमेरे, पुढच्या रांगेत गावचे वडीलधारे. पाहुणा पारड्यात बसलेला असताना गाठी सोडणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे त्यांना वाटले असावे. आमच्याकडे पाहुण्याचा मान मोठा. नानांनी हात मागे घेतला.

पारडी समोरासमोर आली. माझा काटा थांबला. साहेब उतरले. नानांनी त्यांच्या जागी लोखंडी वजने ठेवून आकडा काढला आणि ध्वनिक्षेपकावर सांगितले, "ब्याऐंशी किलो वह्या. बरोबर."

टाळ्यांचा पाऊस पडला. माझ्यावर ब्याऐंशी किलोच होते, मित्रांनो. पण कशाचे, ते मला कसे कळावे?

आठवड्याने शाळेत वह्या वाटल्या. गार्गी दुपारी घरी आली ती तोंड पाडून. पहिलीच्या वर्गाला वह्या पुरल्या नव्हत्या. "बाई म्हणाल्या, संपल्या," एवढे सांगून ती रडू लागली. कोकिळा शाळा व्यवस्थापन समितीवर होती. ती तडक शाळेत गेली आणि तासाभराने परत आली. वाटलेल्या वह्यांपैकी बारा वह्या तिने उसन्या आणल्या होत्या. त्या तिने किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घेतल्या होत्या. शेडच्या दारात उभी राहून ती योगेंद्रला म्हणाली :

"डझनाला दोन किलो. ब्याऐंशी किलोचे एक्केचाळीस डझन होतात. शाळेत पंधरा डझन आले. बाकीचे सव्वीस डझन कुठे गेले?"

"दुसऱ्या गावांना दिले असतील."

"पावतीवर आपल्याच शाळेचं नाव आहे. तुम्हीच फाडल्या ना पावत्या?"

योगेंद्र मोटरसायकलची किल्ली शोधू लागला. किल्ली त्याच्या हातातच होती. "प्रत्येक गोष्टीत शंका घेत जाऊ नकोस," एवढे म्हणून तो निघून गेला.

पण कोकिळाने शंका सोडली नाही. ग्रामसभेत तिने तोच हिशेब सगळ्यांसमोर मांडला. प्रेमराज भाऊंनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग ते उठले आणि म्हणाले, "वहिनी, वह्या जितक्या घेतल्या तितक्या शाळेला दिल्या. पंधरा डझन. चूक असेल तर काट्यात आहे. त्या तराजूवरचा सरकारी शिक्का दहा वर्षांपूर्वीचा आहे, जाऊन बघा. आणि नानांचंही आता वय झालं. नजर राहिली नाही. आम्ही मोठेपणा म्हणून त्यांना बोलावलं, ही आमची चूक."

एका वाक्यात त्यांनी चाळीस वर्षे पुसून टाकली.

शिक्क्याचे खरे होते. काम बंद पडल्यावर मला वजनमाप खात्याकडे नेले नव्हते. गावाला तेवढे पुरले. दुसऱ्या दिवशी पारावर झुलाल नावाच्या शेतकऱ्याने नानांना गाठले. "काय नाना, आमनी केळी बी याच काटावर तोलाई ना?" तो हसत म्हणाला. बाकीचेही हसले. थट्टाच होती, पण थट्टेच्या आत एक प्रश्न होता, आणि तो प्रश्न नानांना बरोबर लागला. ते घरी आले, माझ्यासमोर बाज टाकून बसले, जेवायला उठले नाहीत. कोकिळा ताट घेऊन आली तेव्हा म्हणाले, "भंगारवाला उना का याले दी टाकजो."

"का, नाना?"

"गाव म्हनस, काटा खोटा शे. खोटा काटा घरमा ठेवू नही."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

नानांनी ताट बाजूला सरकवले. "मी काय सांगू, पोरी," ते म्हणाले. "मी गठ्ठा सोडीसन देखाच नही."

मित्रांनो, मला गंज चढला तेव्हा वाईट वाटले नाही. कोंबडीने अंडी घातली तेव्हाही नाही. पण त्या दिवशी वाटले. मी भंगारात गेलो असतो तर 'काटा खोटा होता' हीच गोष्ट कायमची खरी ठरली असती, आणि हा माणूस लबाड मापाडी म्हणूनच गावाच्या आठवणीत राहिला असता. मला तोंड नाही. मी स्वतःची बाजू मांडू शकत नाही.

ती कोकिळाने मांडली. रविवारी सकाळी ग्रामपंचायतीसमोर तिने मला उभे करवले. शेजारी केळीच्या गाड्या भरतात तिथला विजेचा काटा आणवला. त्यावर याच वर्षीचा शिक्का होता, तो तिने चार जणांना वाचायला लावला. आधी नानांची लोखंडी वजने एकेक करून विजेच्या काट्यावर ठेवली. वीस किलोचे वीस भरले, दहाचे दहा. मग ती म्हणाली, "आता माणूस पाहिजे. प्रेमराज भाऊ, तुम्हीच बसा. तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

प्रेमराज भाऊंना काम आठवले. पण गाव जमले होते आणि वाट कोणी देत नव्हते. शेवटी ते विजेच्या काट्यावर चढले. लाल आकडा उमटला : एक्याण्णव.

"घरच्या काट्यावर मी सत्त्याऐंशी भरतो," ते म्हणाले.

"भाऊ, खिसा रिकामा करीसन बस," मागून झुलाल ओरडला, आणि हशा पिकला.

मग ते माझ्या पारड्यात बसले. नानांनी वजने चढवायला सुरुवात केली. वीस, वीस, वीस, वीस. दहा. माझी पारडी अजून समोरासमोर नव्हती. नानांनी एक किलोचे वजन उचलले, अलगद ठेवले आणि मागे सरकले. मी आयुष्यात इतका जपून कधी थांबलो नव्हतो. काटा मधोमध आला.

"एक्यान्नव," नाना म्हणाले. पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. तो झुलालने उच्चारला. टोपी काढून तो म्हणाला, "बरोबर शे, नाना."

"काटा खरा आहे," कोकिळा म्हणाली. "म्हणजे त्या दिवशी पारड्यात ब्याऐंशी किलो होते. त्यातल्या वह्या तीस किलो. उरलेले बावन्न किलो कशाचे होते, हे ज्याला माहीत असेल त्याने सांगावं."

ती प्रेमराज भाऊंकडे बघत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती.

योगेंद्र गर्दीच्या कडेला उभा होता. माझ्याजवळ येईपर्यंत त्याला फार वेळ लागला. "गठ्ठे मी बांधले," तो म्हणाला. "वर दोन वह्या, खाली दोन वह्या, मध्ये मागच्या निवडणुकीतली उरलेली पत्रकं. प्रेमराज भाऊंच्या गोदामात बसून बांधले. ते म्हणाले, वरूनच सांगितलंय, पैसे निवडणुकीला लागतात, सगळीकडे असंच चालतं. मला तिकीट पाहिजे होतं. नानांना खोटं ठरवलं, तेव्हाही मी गप्प बसलो."

मग कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की त्या पत्रकांवर साहेबांचाच हसरा फोटो होता. म्हणजे साहेबांना साहेबांनीच तोलले होते. पण या वेळी कोणी हसले नाही.

प्रेमराज भाऊ पारड्यातून उतरले आणि कोणाशीही न बोलता गाडीकडे गेले. नाना मुलाजवळ आले. मला वाटले, आता हात उगारतील. त्यांनी फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, तू बांधं, मी सोडीसन नही देखं. दोन्ही चुकनूत," ते म्हणाले. "पन तू खरं सांगी दिधं."

मित्रांनो, गोष्टीत असते तसे सगळेच नीट झाले नाही. पक्षाने चौकशी बसवली. प्रेमराज भाऊंचे पद गेले. त्यांना 'वरून' कोणी सांगितले होते, ते अजून बाहेर आलेले नाही. कोकिळाने जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज दिला आहे आणि दर पंधरा दिवसांनी ती त्याची चौकशी करते. तिथले कारकून आता तिला नावाने ओळखतात.

पण चांगलेही घडले. त्याच पक्षाचे गावातले साधे कार्यकर्ते एकत्र आले. ज्यांनी उन्हातान्हात भिंती रंगवल्या, सतरंज्या घातल्या, ते. "पक्ष आमचापण आहे," ते म्हणाले, "तो काही एकट्या प्रेमराजचा नाही." त्यांनी आपापसात जमवून सव्वीस डझन वह्या शाळेत आणल्या. उघड्या टोपल्यांतून आणल्या, हारतुरे नाहीत, भाषण नाही. पहिलीच्या वर्गाला आधी दिल्या. गार्गीने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर गाय काढली. सगळ्यांना ती घोरपड वाटते.

योगेंद्रला तिकीट मिळाले नाही. त्याने पावतीपुस्तकाची स्थळप्रत घेतली आणि एकशे अठरा घरी पुन्हा गेला. या वेळी काही मागायला नाही, सांगायला. काहींनी शिव्या दिल्या. काहींनी दारातून परत पाठवले. शेवटची पावती इंदिराबाईंची होती. केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. त्यांनी पन्नास रुपये दिले होते. योगेंद्रने खाली मान घालून सगळे सांगितले. इंदिराबाईंनी ऐकले, चुलीवर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "पन्नास रुपया गयात तर गयात. तू सांगाले उना, हाई चांगलं व्हयनं. बस." घरी येऊन त्याने हे नानांना आणि कोकिळाला माझ्यासमोरच सांगितले. कोकिळाने त्या दिवशी त्याला काही विचारले नाही. शेजारी बसून राहिली.

मी आता शाळेच्या व्हरांड्यात असतो. चौथीचे वर्ग वजनमापे माझ्यावर शिकतात. नाना मंगळवारी येतात, पोरांना तोलायला शिकवायला.

तुमच्याकडे माझे मागणे फार नाही. वर्षातून एकदा माझ्या दांडीच्या खुंटीला तेल द्या आणि पावसाळ्यात साखळ्या पुसा. गंजलेला तराजू अडखळतो, आणि अडखळणाऱ्या तराजूला खोटा म्हणणे फार सोपे असते. आणि आणखी एक. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही दारी कोणी पावतीपुस्तक घेऊन येईल. चांगल्या कामासाठी जरूर द्या. पण दिल्यावर घरी जाऊन झोपू नका. मांडवात या, पुढे बसा आणि आदराने, हात जोडून म्हणा, "जरा उघडून दाखवता का?" खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. तो स्वतःच सुतळी सोडू लागतो.